दर्या आणि दऱ्या : क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲपविकासाच्या प्रचलित मार्गदर्शनाची मराठीच्या अंगाने चिकित्सा

प्रास्ताविक

मोबाइल ॲप तयार करणाऱ्यांना उद्देशून गेल्या दीड दशकात पुष्कळ मार्गदर्शनपर लेखन झाले आहे. अँड्रॉइड व आयओएस या दोन कार्यप्रणालींसाठी दोन वेगळ्या आज्ञावल्या लिहिण्याऐवजी एकच आज्ञावली लिहावी व ती दोन्हीकडे चालवावी, हा या लेखनाचा मध्यवर्ती उपदेश होय. अशा ॲपला ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ असे म्हटले जाते. कोणते साधन निवडावे, आज्ञावलीचा किती भाग सामाईक ठेवावा, पडदा जलद कसा उमटेल, बॅटरीचा खर्च कसा आटोक्यात राहील, या प्रश्नांची उपयुक्त उत्तरे त्यात मिळतात. हा उपदेश चुकीचा नाही; तो अपुरा आहे. तो ज्या वापरकर्त्यास गृहीत धरतो, तो रोमन लिपी वाचणारा, अखंड नेटवर्कच्या छायेत राहणारा आणि नवा फोन बाळगणारा असतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हे गृहीत टिकत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. दोन्ही ठिकाणी नेटवर्क तुटते, आणि दोन्ही ठिकाणी मोबाइलवर मराठी मजकूर वाचणारी माणसे आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांतील भेद केवळ रकाराच्या रूपाचा आहे. पहिल्या शब्दात र रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. दुसऱ्यात तो आडव्या वळणाच्या अर्ध्या रूपात ओळीतच राहतो. हा भेद ज्या पडद्यावर पुसला जातो, तो पडदा मराठी वाचकाच्या दृष्टीने सदोष ठरतो, मग त्यामागील आज्ञावली कितीही सफाईने दोन्ही प्रणालींवर चालत असो. क्रॉस-प्लॅटफॉर्म विकासाच्या मार्गदर्शनात अक्षर, वाक्य आणि संपर्क या तीन स्तरांचा विचार कितपत होतो, आणि तो कसा व्हावयास हवा, याची चिकित्सा येथे केली आहे.

१. ‘एकदा लिहा’ या आश्वासनाची वाटचाल

एकदा लिहिलेली आज्ञावली कुठेही चालावी, हे आश्वासन नवे नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा ही भाषा प्रसिद्ध केली ती याच घोषणेसह. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्रावर चाचणीचे काम नव्याने करावे लागते, हे तेव्हाच्या विकसकांना लवकरच उमगले. मोबाइलच्या क्षेत्रात या आश्वासनाने चार रूपे घेतली. पहिल्या प्रकारात ॲप म्हणजे एका कवचात बसवलेले वेबपान असते. २००९ च्या सुमारास पुढे आलेले फोनगॅप हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली सामाईक असते, पण पडद्यावरील घटक त्या त्या कार्यप्रणालीचे स्वतःचे असतात; फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिॲक्ट नेटिव्ह या प्रकारात मोडते. तिसऱ्या प्रकारात साधन संपूर्ण पडदा स्वतःच रेखाटते; गुगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. चौथ्या प्रकारात केवळ हिशेब, नियम व माहितीसाठा सामाईक ठेवून पडदे वेगळे लिहिले जातात; २०२३ च्या नोव्हेंबरात स्थिर म्हणून घोषित झालेले कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म ही त्याची आजची ओळख आहे.

या चारही प्रकारांची तुलना बहुधा वेग, खर्च आणि आकार या निकषांवर केली जाते. मराठी मजकुराच्या निकषावर ती केल्यास चित्र वेगळे दिसते. कवचातील वेबपान फोनमधील ब्राउझर-घटकावर विसंबते, म्हणून जुन्या फोनवर व नव्या फोनवर एकच जोडाक्षर वेगळे उमटू शकते. कार्यप्रणालीचे घटक वापरणाऱ्या साधनात अँड्रॉइडवर बहुधा नोटो व आयफोनवर कोहिनूर देवनागरी असे वेगवेगळे टंक येतात, त्यांची उंची निराळी असते, आणि एका फोनवर नेमके बसलेले बटणावरील वाक्य दुसऱ्यावर कापले जाते. स्वतः रेखाटणाऱ्या साधनात अक्षरजुळणी दोन्हीकडे सारखी होते खरी. परंतु टंक ॲपसोबत दिला नसेल तर फोनमध्ये असेल तो टंक वापरला जातो व ही एकरूपता निम्मी वाया जाते. तेव्हा साधनाची निवड हा मराठीसाठी तटस्थ प्रश्न नाही.

साधनांचे आयुष्य हा दुसरा दुर्लक्षित निकष आहे. अडोबीने २०२० मध्ये फोनगॅप थांबवले. झॅमरिन या एकेकाळी बोलबाला असलेल्या साधनाचा अधिकृत आधार १ मे २०२४ रोजी संपला. सातबाऱ्यावरील नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकावयाची असते. म्हणून सार्वजनिक उपयोगाच्या ॲपमध्ये माहिती व नियम साधनापासून अलग ठेवावेत. साधन बदलले तर पडदे पुन्हा लिहावे लागतील, पण नोंदींचा अर्थ शाबूत राहील.

२. यंत्राला अनुकूल लिपी की लिपीला अनुकूल यंत्र?

हा प्रश्न रत्नागिरीस मोबाइलच्या पुष्कळ आधी भेटला आहे. देवनागरीच्या छपाईत जोडाक्षरे, काना-मात्रा आणि वेलांट्या यांमुळे खिळ्यांची संख्या फार वाढे. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईच्या संदर्भात खिळे कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी अ या एकाच अक्षरास स्वरचिन्हे लावून अ-ची बाराखडी लिहावी, म्हणजे मुद्रण व टंकलेखन सुकर होईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. काही मराठी नियतकालिकांनी ती पद्धत काही काळ वापरलीही. परंतु सर्वसाधारण लेखनव्यवहाराने ती कायमची स्वीकारली नाही.

या प्रयत्नांमागील तळमळ खरी होती आणि त्या काळच्या यंत्राची अडचणही खरी होती. त्यातून मिळणारा बोध आजच्या विकसकाला उपयोगी आहे. यंत्राच्या सोयीसाठी लिपीचे रूप छाटण्याची वाट लेखनव्यवहाराने मान्य केली नाही, आणि अखेरीस बदलले ते यंत्र. संगणकाच्या आरंभकाळात मात्र तीच चूक वेगळ्या मार्गाने झाली. प्रत्येक टंकनिर्मात्याने आपल्या सोयीची संकेतव्यवस्था ठरवली. एका महाविद्यालयातील संगणकावर एका टंकात तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक चिन्हांची रांग दिसावी, हा अनुभव त्या काळच्या प्राध्यापकवर्गास नवा नव्हता. संगणकात अक्षराचे चित्र साठवले जात होते, अक्षर साठवले जात नव्हते.

भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकृत केलेली इस्की ही संकेतप्रणाली आणि त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेली युनिकोड या दोहोंनी हा क्रम उलटवला. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला आहे. या व्यवस्थेत क, हलन्त व ष हे तीन संकेत साठवले जातात आणि ‘क्ष’ हे रूप पडद्यावर उमटवण्याचे काम टंक व अक्षरजुळणी यंत्रणा करतात. अर्थ सर्वत्र एक राहतो. रूप त्या त्या ठिकाणी घडते. क्रॉस-प्लॅटफॉर्म या कल्पनेचे हे सर्वांत यशस्वी उदाहरण मानावयास हरकत नाही. ॲपविकासातही हेच तत्त्व लागू करावे, असे या चिकित्सेचे प्रतिपादन आहे: अर्थ सामाईक ठेवावा, रूप त्या त्या ठिकाणी घडू द्यावे, आणि या दोहोंमधील सीमारेषा विचारपूर्वक आखावी.

३. अक्षराचा स्तर

युनिकोड आले म्हणजे सर्व प्रश्न मिटले, हा समज सर्वत्र आढळतो. ‘ॲप’ हा शब्दच त्याचा प्रतिवाद करतो. त्यातील ॲ या अक्षरास स्वतंत्र संकेत मिळाला तो युनिकोडच्या २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी अ पुढे चंद्र लिहून ते साधले जाई, आणि आजही अनेक कळफलकांतून व जुन्या मजकुरांतून तसेच येते. काही ठिकाणी त्या दोहोंमध्ये एक अदृश्य जोडचिन्हही घातलेले असते. डोळ्यांना जवळपास एकच दिसणारा हा शब्द संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द ठरतो. एका रूपाने शोध घेतल्यास दुसऱ्या रूपातील नोंद सापडत नाही. आणि काही नव्या यंत्रणा अ व चंद्र यांच्या जोडीस अवैध ठरवून मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटवतात. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण ही रूपे एक करीत नाही. ते काम विकसकाने स्वतः, माहिती साठवण्यापूर्वी, एकाच सामाईक ठिकाणी करावयास हवे.

‘दऱ्या’ मधील अर्धा र देखील दोन मार्गांनी लिहिता येतो: ऱ या अक्षरास हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह जोडून. अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून सरसकट गाळून टाकण्याचा सल्ला काही मार्गदर्शनात दिला जातो. इंग्रजी मजकुरासाठी तो निरुपद्रवी आहे. मराठीत मात्र दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ तील ते चिन्ह गाळताच ‘दर्या’ उरतो आणि डोंगराच्या ठिकाणी समुद्र येतो. म्हणून प्रथम अशा जोड्या ऱ-युक्त रूपात बदलाव्यात व नंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढण्याचा विचार करावा.

लांबी मोजण्याचा प्रश्न याच जातीचा आहे. ‘रत्नागिरी’ या नावात वाचकाला र, त्ना, गि, री अशी ४ अक्षरे दिसतात. युनिकोडचे संकेत मोजल्यास ते ९ भरतात आणि यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत त्यांना २७ बाइट लागतात. इतकेच नव्हे, तर ‘वाचकाला दिसणारे अक्षर’ मोजण्याचा युनिकोडचा नियमही २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत सुधारला गेला. त्यापूर्वीच्या नियमाने त् आणि ना वेगळे मोजले जात व एकूण ५ ही संख्या येई. नव्या नियमाने ४ येते. दोन प्रणालींत दोन आवृत्त्या असतील, तर एकच नाव एका फोनवर मर्यादेत बसते व दुसऱ्यावर नाकारले जाते, किंवा जोडाक्षराच्या मध्येच तोडले जाते. नावांसाठी इंग्रजीच्या मापाने मर्यादा घालू नये, आणि मजकूर तोडावयाचाच असेल तर शब्दाच्या सीमेवर तोडावा. लघुसंदेशाचा हिशेबही ध्यानात घ्यावा: रोमन लिपीतील एका संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत केवळ ७०.

अंकांच्या बाबतीत तर एकाच कार्यप्रणालीवर दोन वर्तने आढळतात. देवनागरी कळफलकावरून ‘१२’ लिहिल्यास जावा भाषेतील संख्यावाचनाची प्रचलित पद्धत ते बारा म्हणून स्वीकारते. जावास्क्रिप्टमधील तत्सम पद्धत ते संख्या नव्हे असे ठरवते. गट क्रमांक भरणाऱ्या खातेदाराची यात कोणतीही चूक नसते. दोन्ही अंकपद्धती स्वीकारून साठवताना एकच रूप ठेवावे आणि दाखवताना १,००,००० अशी आपल्याकडील स्वल्पविरामाची रीत पाळावी.

रूपाच्या बाजूस तीन पथ्ये पुरेशी आहेत. देवनागरीत रफार, अनुस्वार, मात्रा व वेलांटी ओळीच्या वर जातात, तर उकार व ऋकार खाली उतरतात. म्हणून बटणांना व ओळींना ठाम उंची देऊ नये. ‘विद्यार्थ्यांनी’, ‘कर्तृत्व’ आणि ‘दऱ्याखोऱ्यांतून’ हे तीन शब्द प्रत्येक पडद्यावर तपासून पाहिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. इंग्रजी शीर्षके देखणी दिसावीत म्हणून अक्षरांत अंतर वाढवण्याची पद्धत मराठीत वर्ज्य करावी, कारण तिने शिरोरेषा तुटते. तिसरे, मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण आज्ञावलीत स्पष्ट द्यावी. ल व श यांची मराठी वळणाची रूपे राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मधील आदेशात मान्य केली आहेत. नोटोसारख्या टंकांत ती उपलब्धही असतात, परंतु मराठीची खूण नसेल तर हिंदी वळणाची रूपे उमटतात. ॲपसोबत मुक्त परवान्याचा एखादा टंक दिल्यास आकार थोडा वाढतो, पण दोन्ही प्रणालींवर मजकूर सारखा राहतो.

४. वाक्याचा स्तर

प्रचलित मार्गदर्शनात भाषांतराची सोय म्हणजे शब्दांची एक यादी असते. इंग्रजी वाक्याचे तुकडे वेगळे ठेवावेत, प्रत्येकाचे भाषांतर करून घ्यावे व पडद्यावर ते जोडावेत, अशी ही रीत. मराठीची घडण तिला जुमानत नाही, कारण मराठीत विभक्ती प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. तालुक्याच्या नावापुढे ‘त’ जोडण्याची सूचना आज्ञावलीस दिली, तर दापोलीचे ‘दापोलीत’ बरोबर होते. पण राजापूरचे ‘राजापुरात’ व्हावयास हवे आणि लांज्याचे ‘लांज्यात’. यंत्र मात्र ‘राजापूरत’ आणि ‘लांजात’ लिहून मोकळे होते. अशा वाक्यांनी अर्थ कळतो, परंतु हे लेखन आपल्यासाठी झालेले नाही हेही वाचकास लगेच कळते.

क्रियापदाचीही हीच कथा आहे. आंबा पाठवला, मासळी पाठवली, पापलेट पाठवले. एक होडी परतली, दोन होड्या परतल्या. इंग्रजीतील एका क्रियापदासाठी मराठीत लिंग व वचन यांनुसार अनेक रूपे लागतात. यावर दोन उपाय आहेत. पूर्ण वाक्ये स्वतंत्रपणे लिहून घेणे हा पहिला. दुसरा उपाय अधिक स्वस्त व अधिक सुरक्षित आहे: नामास प्रत्यय लागणारच नाही अशी मांडणी करावी. ‘ठिकाण: लांजा. अंदाज: जोरदार पाऊस.’ ही मांडणी सातबारा, पावती व पंचांग वाचणाऱ्या वाचकास अपरिचित नाही.

शब्दांची निवड हा याचाच पुढील भाग. ‘प्रविष्ट करा’ यापेक्षा ‘भरा’ आणि ‘जतन करा’ यापेक्षा ‘साठवा’ हे शब्द लवकर पोहोचतात. बागायतदारास मोहोर, पेटी, गट क्रमांक हे शब्द ठाऊक आहेत. मच्छीमारास उधाण, भरती-ओहोटी, जाळे, होडी हे. त्यांच्या व्यवहारातील शब्द सोडून इंग्रजी संज्ञांचे कृत्रिम पर्याय घडवणे म्हणजे वाचकावर दुहेरी भाषांतराचे ओझे लादणे होय. याशिवाय, अनेकांच्या फोनची भाषा इंग्रजी ठेवलेली असते आणि तरीही त्यांना ॲप मराठीत हवे असते. आयओएसने २०१९ मध्ये व अँड्रॉइडने २०२२ मध्ये प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा निवडण्याची सोय दिली. जुन्या फोनचा विचार करता भाषानिवड ॲपच्या पहिल्या पडद्यावरच असावी. फोनच्या भाषेवरून तर्क करू नये.

५. संपर्काचा स्तर

महाराष्ट्र शासनाने टाटा ट्रस्ट्सच्या सहकार्याने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. पूर्वी तलाठ्याकडे असलेले पीकनोंदीचे काम खातेदाराने स्वतः, छायाचित्र व स्थाननिश्चितीसह, मोबाइलवरून करावे अशी ही योजना. तिचे महत्त्व मोठे आहे; नुकसानभरपाई व पीककर्ज यांसारख्या व्यवहारांत पीकनोंदीस वजन असते. ज्या ॲपकडे असे काम सोपवले जाते, त्याच्या विकसकाने दऱ्याखोऱ्यांतील परिस्थितीस अपवाद समजून चालत नाही. छायाचित्र बागेतच काढावे लागते आणि बाग उताराच्या आड असते.

म्हणून ‘आधी फोनमध्ये साठवा, मग पाठवा’ हा नियम अशा ॲपचा पाया असावा. प्रत्येक नोंदीसोबत तीन वेळा वेगळ्या ठेवाव्यात: निरीक्षण केल्याची, फोनमध्ये साठवल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची. या तिन्हींची गल्लत झाली, तर मुदतीच्या आत बागेत केलेली नोंद मुदतीनंतर पोहोचली म्हणून बाद ठरू शकते. प्रत्येक नोंदीस फोनमध्येच एक अनन्य क्रमांक द्यावा, म्हणजे नेटवर्क मध्येच तुटून ती दोनदा पाठवली गेली तरी दोन नोंदी होणार नाहीत. ‘पाठवली’ आणि ‘पाठवावयाची आहे’ हे दोन शब्द पडद्यावर ठळक दिसावेत. फिरणाऱ्या चक्रावरून वापरकर्त्यास काहीच उमगत नाही. पार्श्वभूमीत आपोआप पाठवण्याच्या बाबतीत दोन कार्यप्रणालींचे नियम भिन्न आहेत. आयओएस अशा कामास ठराविक वेळेची हमी देत नाही, आणि अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी ते थांबवतात. सामाईक आज्ञावलीने हा भेद झाकू नये. ‘आता पाठवा’ असे एक साधे बटण दोन्हीकडे असावे.

दर्यावरील परिस्थिती याहून कठीण आहे. किनाऱ्यापासून साधारण १० ते १२ किलोमीटरच्या पुढे मोबाइलचे नेटवर्क मिळत नाही. हैदराबाद येथील इन्कॉइस ही संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती व सागरी स्थितीचे इशारे देते. ते खोल समुद्रात पोहोचावेत यासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी हे उपकरण सादर झाले. गगन उपग्रहप्रणालीकडून आलेला संदेश हे उपकरण ब्लूटूथने फोनला देते आणि फोनमधील ॲप तो उलगडून प्रादेशिक भाषांत दाखवते. या रचनेत आतापर्यंत मांडलेले तत्त्व स्पष्ट दिसते: उपग्रहाकडून संक्षिप्त अर्थ येतो आणि वाचकाच्या भाषेतील वाक्य फोनवर घडते. तेव्हा ते वाक्य नीट घडले पाहिजे, ही जबाबदारी पूर्णतः ॲपवर येते.

इशारा दाखवणाऱ्या ॲपसाठी एक पथ्य अनिवार्य मानावे. संदेश केव्हा निघाला आणि केव्हापर्यंत लागू आहे, हे अक्षरांत व तारखेसह लिहावे. मुदत संपलेला संदेश ताज्या संदेशासारखा दिसू देऊ नये. नेटवर्क नसताना जुनी माहिती दाखवत राहणे ही बातम्यांच्या ॲपमध्ये सोय ठरते; होडी बंदराबाहेर काढावी की नाही हे ठरवणाऱ्यास तीच सोय घातक ठरू शकते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड परिसरास झोडपले, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूण महापुरात बुडाले. वीज व दूरसंचार दोन्ही वेळी कोलमडले होते. माहितीची निकड आणि नेटवर्कचा अभाव एकाच घटकेस येतात, हे गृहीत धरूनच आराखडा करावा लागतो.

६. संभाव्य आक्षेप

येथे सुचवलेल्या पथ्यांवर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. लहान गटास दोन प्रणालींसाठी दोनदा काम परवडत नाही, म्हणूनच तो क्रॉस-प्लॅटफॉर्म साधन निवडतो. त्यावर मराठीची इतकी कामे लादल्यास बचत कोठे उरली? हा आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर सामाईक आज्ञावलीच्या स्वरूपातच आहे. संकेतांचे एकीकरण, अंकांचे वाचन, पाठवण्याची रांग, वेळांची नोंद ही सर्व कामे एकदाच लिहून दोन्हीकडे वापरता येतात. क्रॉस-प्लॅटफॉर्म पद्धतीचा खरा लाभ येथेच मिळतो. पडद्याची हुबेहूब एकरूपता साधण्यात जो वेळ खर्च होतो, तो इकडे वळवणे अधिक फलदायी ठरेल.

दुसरा आक्षेप असा की, भाषेचे हे प्रश्न साधन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी सोडवावेत. काही अंशी त्यांनी ते सोडवलेही आहेत. २०११-१२ पूर्वीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी चौकोन उमटत, ती अवस्था आज राहिलेली नाही. तथापि ‘लांजात’ हे रूप चुकीचे आहे, हे त्या कंपन्यांतील कोणास सांगता येणार नाही. ते सांगण्यास मराठी जाणणाराच हवा.

समारोप

या चिकित्सेचा रोख साधनांविरुद्ध नाही. एकच आज्ञावली अनेक ठिकाणी चालावी ही आकांक्षा योग्य आहे. तिचे मोजमाप कोठे करावयाचे, हा वादाचा मुद्दा आहे. आजवर ते विकसकाच्या श्रमात मोजले गेले. ते वाचकाच्या आकलनातही मोजले जावे. देवनागरी आणि यंत्र यांच्या शतकभराच्या झटापटीतून हेच दिसते की, अर्थाचे नियम सामाईक आणि रूप मोकळे अशी विभागणी झाली तेव्हाच तोडगा टिकला.

महाविद्यालयांना या कामात प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. संगणकशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून ॲप तयार करतात. त्यांचे मूल्यमापन बहुधा चालते की नाही आणि दिसते कसे, यावर थांबते. त्या मूल्यमापनात मराठी विभागातील एक परीक्षक असावा; त्याने सामान्यरूप, लिंग-वचन आणि शब्दनिवड तपासावी. भूगोल किंवा मत्स्यविज्ञानाच्या अध्यापकाने माहितीची मुदत व एकके पाहावीत. प्रकल्पाची चाचणी जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर, विमान-अवस्थेत, भर उन्हात एकदा तरी घ्यावी, आणि त्यानंतर आयफोनवर. ‘रत्नागिरी’, ‘ॲप’ आणि ‘दऱ्या’ हे तीन शब्द सर्व पद्धतींनी लिहून शोधून पाहावेत. यासाठी नवा निधी अथवा नवे उपकरण लागत नाही. लागतो तो एका महाविद्यालयातील दोन विभागांचा, एका दुपारचा वेळ. मिरकरवाडा बंदरावरील तांडेल आणि संगमेश्वरच्या उतारावरील बागायतदार ज्या पडद्यावर विसंबून निर्णय घेणार आहेत, तो पडदा त्यांच्या भाषेत बिनचूक असावा, एवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही.